जुना प्रेशर वॉशर घेताना या चुका टाळा, आणि तो स्क्रू पिळू नका

"मोटर मस्त फिरते" एवढ्यावर जोरदार धारेने धुणारं हे जुनं मशीन घेणं ही पहिली चूक. कोरडं मशीन चालू करून आवाज ऐकवणारा विक्रेता तुमच्यासमोरच वॉटर सील (पंपात पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या) जाळत असतो, कारण त्या सीलना थंडावा मिळतो तो पाण्यानेच. जिथे नळ नाही तिथे सौदा करू नका. सोबत १० लिटरची बादली न्या.

मशीनच्या पाटीवर ताशी किती लिटर ते लिहिलेलं असतं. समजा ३६० आहे, म्हणजे मिनिटाला ६ लिटर. नोझल काढा, गन दाबा, बादली भरा. साधारण १०० सेकंदांत ती भरली पाहिजे. मग नोझल लावून ट्रिगर सोडा. ऑटो-स्टॉपचं मशीन लगेच थांबायला हवं आणि थांबलेलंच राहायला हवं. ट्रिगर सोडलेला असताना थोड्या थोड्या वेळाने ते आपोआप धडपडून उठत असेल, तर दाब कुठेतरी गळतोय. गन किंवा होजच्या (पाइपच्या) जोडातली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, गेली असेल तर दुरुस्ती काही रुपयांची. जोड कोरडे असतील, तर पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे न जाऊ देणारी झडप) नीट बसत नाहीये. भाव त्या हिशोबाने पाडून मागा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. दाब कमी वाटला की नवशिक्या पाना घेऊन थेट अनलोडरच्या स्क्रूवर जातो. अनलोडर म्हणजे दाब ठरलेल्या हद्दीपलीकडे गेला की पाणी परत फिरवणारी पंपावरची झडप; तिची स्प्रिंग हा स्क्रू आवळतो. पंप दाब तयार करत नाही, तो फक्त पाणी ढकलतो. दाब तयार होतो नोझलच्या बारीक भोकामुळे. बोअरच्या पाण्यातली रेती ते भोक झिजवते. भोकाचा व्यास फक्त १० टक्क्यांनी वाढला, तरी तेवढ्याच पाण्यात दाब जवळपास एक तृतीयांश उतरतो. अशा वेळी अनलोडर बंदच असतो, त्यामुळे स्क्रू पिळून काहीही फरक पडत नाही. फरक पडत नाही म्हणून अजून पिळतात, पार स्प्रिंग चेपेपर्यंत. चार दिवसांनी कोणीतरी नोझल बदलायला सांगतं, नवं नोझल बसतं, दाब जोरात येतो आणि माणूस खूश होतो. मग तो ट्रिगर सोडतो. पाण्याला परत फिरायची वाट अनलोडरच देतो, आणि तो तर उघडतच नाही. मोटर गुरगुरत अडकते, होज टोकाच्या दाबून बसवलेल्या धातूच्या कडीपाशी (क्रिंप) फाटते, नाहीतर पंपाच्या हेडला तडा जातो. स्वस्तातलं नोझल वेळेवर बदललं असतं तर वाचलेला पंप असा भंगारात जातो.

म्हणून क्रम पाळा. आधी वरची बादलीची चाचणी. बादली वेळेत भरली पण दाब नाही: नोझल बदला, त्याच नंबरचं. तरीही दाब नाही आला तरच अनलोडर उघडून आतली ओ-रिंग आणि सीट (झडप टेकते ती जागा) बघा. बादलीच उशिरा भरते: इनलेटची (पाणी आत येतं त्या तोंडाची) जाळी काढून धुवा, नळाची धार तपासा, मग पंपाचे व्हॉल्व्ह. धार धडधडत येत असेल तर पंप हवा ओढतोय. इनलेटच्या जोडाचा वायसर बदला आणि नोझल न लावता सगळी हवा निघून जाईपर्यंत पाणी वाहू द्या. अनलोडरला हात लावायचाच असेल तर प्रेशर गेज लावून, पाव-पाव आटा. गेज नसेल तर स्क्रू विसरा.

तेलाच्या काचेत तेल दुधाळ दिसलं, तर नुसतं तेल बदलून विकणाऱ्यांपासून सावध राहा. पाणी तेलात शिरतंय, म्हणजे वॉटर सील आणि ऑइल सील दोन्ही बदलायचे. सील बसवताना ओठाची (पातळ कडेची) उघडी बाजू पाण्याच्या दाबाकडे ठेवा. उलटा बसला तर पहिल्या मिनिटातच गळतो. सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा, हेडचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. आणि प्लंजरवर (पंपात मागेपुढे होणाऱ्या दांड्यावर) नखाला लागेल असा ओरखडा असेल, तर सील किटवर पैसे घालू नका. तो ओरखडा नव्या सीललाही खाऊन टाकतो. पॉलिश पेपर मारून तो जाईल असं सांगणारा मेकॅनिक बदला.

बाकीचं थोडक्यात. हलकं आणि कर्कश मशीन म्हणजे कार्बन ब्रशची मोटर, जड आणि शांत म्हणजे इंडक्शन, म्हणजे कार्बन ब्रश नसलेली. बजेट कमी असेल तर जुनं इंडक्शनच शोधा. सील किट मिळतं का हे घेण्याआधी विचारा, घेतल्यावर नाही. घरातली बारीक वायरची एक्स्टेंशन वापरू नका. व्होल्टेज पडून मोटर तापते. ऑटो-स्टॉप नसलेलं मशीन ट्रिगर सोडून दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त चालू ठेवू नका, तेच पाणी फिरून फिरून तापतं आणि सील जातात.

गळती बोटाने कधीही शोधू नका. पुठ्ठ्याचा तुकडा धरा. बारीक धार कातडीखाली शिरली तर वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं, पण आतून बोट सडू शकतं. घरी मलम लावत बसू नका, तडक रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना सांगा की धार हाय प्रेशरची होती.