घरच्या घरी पाल्याचं केसांचं तेल: पाणी उडालं की तेल टिकतं

केसांचं तेल घरी करायचं म्हटलं की सगळे आधी विचारतात यात काय काय टाकायचं, पण खरी मेख तिथे नाहीये. पानांमधलं पाणी तेलातून पूर्ण उडालं पाहिजे, घरचं तेल लवकर वास मारायला लागतं किंवा त्यावर बुरशी धरते ती बहुतेक वेळा आत राहिलेल्या ओलाव्यामुळेच.

वनस्पती दोन-तीनच घ्या. मी कढीपत्ता, माका आणि जास्वंदीची पानं घेते, वरून दोन चमचे मेथी. मेथी भिजवायची नाही, कोरडीच भरडायची. कोरफडीचा गर मात्र तेलात घालू नका, तो जवळजवळ सगळा पाणीच असतो, हवा तर वेगळा लावा. आणि जास्वंदीची फुलं टाकून तेल लाल होईल अशी वाट बघू नका, तो रंग पाण्यात उतरतो, तेलात नाही. पाल्याने तेल हिरवं होतं ते हरितद्रव्यामुळे, त्याने पांढरे केस काही काळे होत नाहीत.

पाला धुवून कपड्यावर पसरा आणि सावलीत एक दिवस सुकू द्या, पान मऊ पडलं पाहिजे, वर पाण्याचा थेंब दिसता कामा नये. मग पाणी न घालता जाडसर वाटा. आयुर्वेदात कल्काच्या म्हणजे या वाटणाच्या चौपट तेल सांगितलंय, म्हणजे 125 ग्रॅम वाटणाला साधारण 500 मिली. तेल खोबरेलच घ्या असं माझं मत, त्यातलं लॉरिक अ‍ॅसिड केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रोटीन कमी जातं. एरंडेल फार चिकट, घालायचंच तर थोडंसंच.

आता कढई. जाड बुडाची घ्या आणि अर्धीच भरा कारण वाटण पडलं की फेस चढतो, आणि उकळतं तेल ऊतू गेलं तर ते थेट गॅसवर जातं, म्हणून मुलांना लांब ठेवा आणि तुम्हीही तिथून हलू नका. गॅस अगदी बारीक. सुरुवातीला जोरात तडतड होईल, ते पाणी उडतंय, हळूहळू आवाज कमी होतो, बुडबुडे बारीक होत जातात, तळाशी वाटण चिकटतं म्हणून सारखं ढवळत राहायचं. अर्धा-पाऊण तास लागतो, कधी जास्त, घड्याळाकडे बघू नका, वाटणाकडे बघा.

झालं की नाही हे ओळखायची जुनी आणि एकदम भरवशाची खूण आहे. चमच्याने थोडा चोथा काढा, गार होऊ द्या, बोटांत वळा. त्याची वात वळली गेली पाहिजे. ती वात चिमट्यात धरून ज्योतीवर न्या, तडतडली तर अजून पाणी आहे, आवाज न करता पेटली तर गॅस बंद. चोथा काळा कडक होऊन वळेनासा झाला आणि जळका वास आला तर पाक दग्ध झाला, म्हणजे तेल करपलं. म्हणून शेवटची दहा मिनिटं सगळ्यात जपायची.

कोमट झाल्यावर कोरड्या सुती कापडातून गाळा. पिळून निघालेलं तेल वेगळ्या वाटीत ठेवा आणि आधी तेच संपवा, त्यात गाळ असतो. बाकीचं रात्रभर स्थिर ठेवून वरचं नितळ तेल तेवढं काचेच्या बाटलीत ओता, बाटली आतून ठणठणीत कोरडी हवी. व्हिटॅमिन ई घातलं तर तेल खवट व्हायला वेळ लागतो पण बुरशी त्याने थांबत नाही, त्यामुळे ओला हात, ओला चमचा अजिबात नको.

पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबा, खाज किंवा लाली आली तर ते तेल तुमच्यासाठी नाही. नाहीतर न्हाण्याआधी तास-दोन तास लावलं की पुरे. कोंडा असेल तर रात्रभर ठेवू नका, कोंड्यामागची यीस्ट टाळूवरच्या तेलकटपणावरच जगते. आणि केस गोल चकत्यांनी जात असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा, तेलाने केस कमी तुटतात, मऊ राहतात, पण त्या दुखण्यावर ते औषध नाही.

खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं. तेव्हा बाटली परत गॅसवर नको, झाकण घट्ट लावून गरम पाण्यात उभी करा, आणि बाहेर काढल्यावर ती पुसून मगच उघडा.