कारचं शेड्यूल घटू लागलं की: फाउंड्री आणि मशीन शॉपवाल्यांसाठी

कार कंपनी बंद होणार अशी बातमी छापून येईपर्यंत पुरवठादाराच्या हातात फारसं काही उरत नाही. जनरल मोटर्सने भारतातली विक्री 2017 मध्ये थांबवली, पण तळेगावात निर्यातीच्या गाड्या डिसेंबर 2020 पर्यंत बनत होत्या. सावरायचं ते अशा मधल्या काळात. पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. पण जागेला नवा मालक मिळाला म्हणून जुन्या मॉडेलच्या पार्टला गिऱ्हाईक मिळत नाही.

आधी किती पैसा अडकलाय ते मांडा. समजा, 400 रुपयांचं कास्टिंग (साच्यात ओतलेला पार्ट), महिन्याला 2,000 नग, उधारी 60 दिवस. बिलांत 16 लाख. शेडमध्ये तयार 1,000 नग, म्हणजे 4 लाख. पॅटर्न आणि कोअर बॉक्सचे (ज्यांवरून साचा आणि आतला पोकळ भाग बनतो) 6 लाख नगामागे वसूल व्हायचे होते, निम्मेच झाले. ते 3 लाख. एकूण 23 लाख. तयार माल कुणी उचलला नाही तर भंगाराच्या भावाने परत भट्टीत जातो.

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीतला बराच माल मधल्या टियर-वनकडे, म्हणजे कार कंपनीला थेट पुरवठा करणाऱ्याकडे जातो. कार कंपनीकडे भरपाई मागतो तो टियर-वन, आणि त्यात तुमचा आकडा घालायला त्याला कागद लागतो. म्हणून तीन महिन्यांचं शेड्यूल (कधी किती माल हवा ते) मेलवर घ्या, पक्के नग किती आणि अंदाजाचे किती हे वेगळं लिहून मागा. फोनवर ‘माल तयार ठेवा’ म्हणाले, तर त्याच दिवशी पार्ट नंबर, नग आणि तारीख मेल करा. दर महिन्याला येणं बाकी किती, त्यावर त्यांचा सही-शिक्का घ्या. डेबिट नोट (बिलातून पैसे कापल्याचा कागद) आली की रिजेक्ट जॉब परत मागवून मोजा. गिऱ्हाइकाचे पैसे अडले की रिजेक्शन वाढतं.

सूक्ष्म किंवा लघु उद्योग असाल तर उद्यम नोंदणी (सरकारकडची लघुउद्योगाची नोंदणी) माल देण्याआधीची हवी. करारात काहीही असो, 45 दिवसांनंतर थकलेल्या बिलावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होतं. तक्रार सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर करता येते. ऑर्डर जाईल या भीतीने थांबू नका, ती तशीही आटतेच आहे.

मॉडेल बंद झालं तरी स्पेअर लागतात, पण 2,000 ऐवजी 150 नग. पॅटर्न चढवायला आणि मशीन सेटिंगला वेळ तेवढाच जातो, तेव्हा स्पेअरचा दर आणि किमान बॅच आत्ताच ठरवा. गिऱ्हाइकाचा पॅटर्न लेखी परवानगीशिवाय मोडू नका. लाकडी असेल तर पावसाळ्यापूर्वी कोरड्या रॅकवर चढवा. फुगला की कास्टिंगचं माप जातं.