हिमशैवालांवर काम करायचंय? आधी हे वाचा

हिमशैवालांवर, म्हणजे बर्फावर वाढणाऱ्या शेवाळांवर, पीएचडी करायची इच्छा असलेले विद्यार्थी भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ध्रुवावर जायला कधी मिळेल? मी उलट विचारते, मायक्रोस्कोपखाली शेवाळ किती तास पाहिलंय? या विषयात बर्फावरचे दिवस थोडे असतात. बाकी सगळी वर्षं पेशी, रंगद्रव्यं, डीएनए आणि संगणकासमोर जातात. ज्याला शेवाळाची गोडी नाही, त्याला निव्वळ ध्रुवाच्या ओढीवर ही वर्षं काढणं फार जड जातं.

सुरुवात मात्र आपल्याकडे सोपी आहे. वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये जिची आकृती काढतो, ती क्लॅमिडोमोनास (एकपेशीय शेवाळ) बर्फातल्या लाल शेवाळाच्या जवळच्या नात्यातली. लाल बर्फाचं शेवाळ कितीतरी वर्षं क्लॅमिडोमोनास निव्हॅलिस याच नावाने ओळखलं जायचं. 2019 मध्ये डीएनएच्या आधारे त्याला सँग्विना ही वेगळी प्रजाती मिळाली आणि नाव झालं सँग्विना निव्हॅलॉइड्स. जुने शोधनिबंध वाचताना दोन्ही नावं लक्षात ठेवा, नाहीतर अर्धं साहित्य हातातून निसटेल.

हे शेवाळ जगतं कसं, ते नीट समजून घ्या, कारण फील्डवरचा प्रत्येक निर्णय त्यावरच ठरतो. उन्हाळ्यात बर्फ पाझरू लागला की हिरव्या, कशाभिका (पोहण्यासाठीचे बारीक धागे) असलेल्या पेशी त्या पाण्यातून पोहत पृष्ठभागाकडे येतात. वर ऊन प्रखर आणि नायट्रोजनसारखी पोषकद्रव्यं तुटपुंजी. मग पेशी जाड भिंतीचं, न पोहणारं रूप घेते, त्याला सिस्ट म्हणतात, आणि अ‍ॅस्टाझँथिन हे लाल रंगद्रव्य साठवते. ते हरितद्रव्याला जादा उन्हापासून वाचवतं. शिवाय गडद पेशी ऊन शोषून तापतात, भोवतालचा बर्फ वितळतो आणि त्यांना हवं असलेलं पाणी मिळतं. 2016 मध्ये आर्क्टिकमधल्या लाल बर्फावर जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात अंदाज होता की वितळण्याच्या एका हंगामात या शेवाळामुळे बर्फाची परावर्तनक्षमता 13 टक्क्यांनी घटू शकते. हवामान बदलाचा अभ्यास करणारे या इवल्याशा पेशींकडे वळले ते यामुळेच.

एक फरक पहिल्यापासून डोक्यात पक्का हवा. भुसभुशीत बर्फावरची लाल-हिरवी शेवाळं वेगळी आणि हिमनदीच्या उघड्या, टणक बर्फावरची वेगळी. दुसऱ्या गटात अँसायलोनेमा येतं. त्याचा रंग जांभळट तपकिरी, रंगद्रव्यही निराळं. ग्रीनलंडच्या हिमस्तराचा काळवंडलेला पट्टा ज्यांना अभ्यासायचा आहे, त्यांचा विषय हा.

आता जाण्याविषयी. भारतातून ध्रुवावर जाण्याचा मुख्य रस्ता गोव्यातून जातो. वास्कोच्या हेडलँड सडा इथलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र, म्हणजे एनसीपीओआर, आर्क्टिक व अंटार्क्टिक मोहिमा आखतं आणि विद्यापीठांकडून प्रस्ताव मागवतं. प्रस्ताव प्राध्यापकाच्या नावाने जातो, विद्यार्थी त्या चमूत जातो. म्हणून मार्गदर्शक निवडतानाच त्यांच्याकडे ध्रुवीय प्रकल्प आहे का, हे स्पष्ट विचारा. यात संकोच नको. नेट-जेआरएफ (संशोधनासाठीची सरकारी फेलोशिप) हातात असेल तर बोलणं बरंच सोपं होतं.

हिमशैवालांसाठी माझं मत ठाम आहे: पहिली संधी आर्क्टिकची घ्या. अंटार्क्टिकातल्या हिरव्या बर्फाची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिलेली असतात, पण ती अंटार्क्टिक द्वीपकल्पावरची, दक्षिण अमेरिकेच्या खालची. आपली मैत्री आणि भारती ही स्थानकं तिथून फार दूर, पूर्व अंटार्क्टिकात आहेत. याउलट आर्क्टिकमध्ये, नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या न्यू-ओलेसुंडला 2008 पासून आपलं हिमाद्री स्थानक आहे, 79 अंश उत्तरेला, आणि तिथून काही हिमनद्या चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

न्यू-ओलेसुंड हे एकेकाळचं कोळसा खाणीचं गाव. तिथले नियम आधी माहीत असले की दडपण येत नाही. वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर ध्रुवीय अस्वलांमुळे चमूत बंदूक हवी, आणि ती बाळगणाऱ्याने गोळीबाराचं प्रशिक्षण घेतलेलं असावं लागतं. रेडिओ दुर्बिणीच्या कामात अडथळा नको म्हणून वायफाय आणि ब्लूटूथ बंद. प्रकल्प आधी स्वालबार्डच्या संशोधन नोंदणीत घालावा लागतो. आणखी एक गोष्ट, जी फार उशिरा कळते: स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राबाहेर (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर) आहे, पण विमान नॉर्वेच्या मुख्य भूमीवरून जातं. परत येताना पुन्हा शेंगेनमध्ये शिरावं लागतं, म्हणून व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा मागा.

बर्फावर पोचल्यावर घाई करू नका. लाल डाग दिसला की फावडं आत जातंच, पण आधी छायाचित्र, वेळ, जागेचे अक्षांश-रेखांश, बर्फाचं तापमान आणि घनता टिपून घ्या. शेजारच्या पांढऱ्या बर्फाचा नमुना त्याच पद्धतीने घ्या, त्याच्याशिवाय तुलना कशाशी करणार? डाग हातभर अंतरावरही बदलतो, म्हणून एका डागातून अनेक नमुने हवेत. वरचा पातळ थर तेवढाच निर्जंतुक पिशवीत भरा. तो अंधारात, थंड ठेवून सावकाश वितळू द्या. खोलीतल्या उबेत ठेवला तर पेशींची अवस्था बदलते आणि नंतर मोजलेलं काहीच त्या बर्फाचं राहत नाही. वितळलेल्या पाण्याचे लगेच वाटे करा: एक जिवंत पाहण्यासाठी, एक ल्युगॉलच्या आयोडीन द्रावणात मोजणीसाठी, एक गाळून डीएनए व रंगद्रव्यांसाठी, आणि तो गोठवलेलाच घरी यायला हवा. ही शीतसाखळी कुठे तुटेल, याचा विचार निघण्यापूर्वीच कागदावर मांडा. हाच भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तो बर्फ पुन्हा मिळत नाही.

प्रयोगशाळेतली एक अडचण प्रबंधाचा आराखडा करण्यापूर्वीच माहीत हवी. लाल सिस्ट प्रयोगशाळेत रुजवून वाढवणं अतिशय अवघड आहे. संपूर्ण प्रबंध कल्चरवर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या शेवाळावर, बेतू नका. कल्चर लागलीच तर जर्मनीत पॉट्सडॅमला थंडीप्रिय शैवालांचा संग्रह आहे, तिथे क्लोरोमोनाससारख्या हिमशैवालांचे स्ट्रेन (वाण) मिळतात. लाल सिस्ट एकमेकांसारख्या दिसतात, त्यामुळे निव्वळ आकारावरून जात ठरवण्याचा मोह टाळा. डीएनए वेगळा करतानाही त्यांची भिंत सहज फुटत नाही, बारीक मणी घालून जोरात घुसळावं लागतं.

जायला मिळालं नाही म्हणून विषय सोडायचं मात्र काहीच कारण नाही. 2020 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी सेंटिनेल-2 उपग्रहाच्या चित्रांवरून अंटार्क्टिक द्वीपकल्पावरचे हिरव्या शेवाळाचे 1679 डाग मोजले. सगळे मिळून क्षेत्रफळ 1.9 चौरस किलोमीटर. त्यातले 60 टक्क्यांहून अधिक पेंग्विनच्या वसाहतींपासून 5 किलोमीटरच्या आत, कारण पक्ष्यांच्या विष्ठेतून खत मिळतं. ही चित्रं फुकट उतरवता येतात, नागपुरात बसूनही. अर्थात त्यांनी जमिनीवर जाऊन खातरजमाही केली होती, त्याशिवाय उपग्रहावर विश्वास ठेवू नये.

आणि हिमालय आहेच. नेपाळच्या लांगटांग खोऱ्यातल्या याला हिमनदीवर जपानी संशोधकांनी शैवालांचं मोलाचं काम करून ठेवलंय. स्पितीत एनसीपीओआरचं हिमांश स्थानक 2016 पासून आहे. नमुने घेण्याचा हात तिथे बसवा. मार्गदर्शकाला ईमेल लिहाल तेव्हा ध्रुवाच्या स्वप्नाबद्दल एखादंच वाक्य पुरे. उरलेल्या जागेत तुम्ही कुठलं शेवाळ ओळखू शकता, पेशी मोजता येतात का, पायथॉन किंवा आर ही संगणकभाषा येते का, ते लिहा, आणि स्वतः काढलेलं मायक्रोस्कोपमधलं एखादं छायाचित्र जोडा.