मापाच्या वहीचं मागचं पान

बेळगावातल्या शहापुरात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. मशीनवर बसलेल्या बाईजवळ माणसं मोकळेपणाने बोलतात, कारण तिची नजर टाक्यावर असते. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराईची गिऱ्हाइकं सुरू होतात आणि कापडाबरोबर काळज्याही काउंटरवर येतात. ऐकून ऐकून मला विचारांच्या दोन जाती ओळखता यायला लागल्यात. एक विचार पुढे सरकतो, हाताला काम देतो. दुसरा जागच्या जागी फिरतो आणि अख्खी दुपार खातो. या दुसऱ्या जातीचं काय करायचं, ते सांगते.

आधी वही काढा. नवी नको, नवी वही आणण्यात आणखी दोन दिवस जातील. माझी मापाची वही मी उलटी करून मागच्या पानापासून वापरते. डोक्यात जे जे अर्धवट आहे ते तिथे उतरवायचं. अर्धवट कामं पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात, हे ब्लूमा झायगार्निक नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्येच मांडलं होतं. पुढे २०११ मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या दोन अमेरिकन संशोधकांनी त्याच्या पुढची गोष्ट दाखवली, आणि आपल्या कामाची तीच आहे. काम झालं नसलं तरी चालतं. ते कधी आणि कसं करायचं याचा नेमका बेत ठरला, की त्याचा ससेमिरा कमी होतो.

म्हणून नुसतं ‘मावशींचा ब्लाउज’ असं लिहून भागत नाही. ‘शनिवारी चहा झाल्यावर अस्तर भिजत घालणे’ असं लिहा. (सुती अस्तर न भिजवता शिवलं तर पहिल्याच धुण्यात आटतं, आणि मग गिऱ्हाईक ब्लाउज घेऊन दारात.) ‘पोरीच्या ॲडमिशनचं टेन्शन’ ही ओळ कितीही वेळा वाचली तरी टेन्शनच देते. तिच्या जागी ‘सोमवारी अकराला कॉलेजात जाऊन फी आणि लागणारे दाखले विचारणे’ असं येऊ दे. माझी कसोटी सोपी आहे: ओळीत वार हवा आणि हातापायांनी करायचं काम हवं. ‘बघू या’, ‘विचार करायला हवा’, ‘काहीतरी केलं पाहिजे’ असं काही आलं की ती ओळ खोडून पुन्हा लिहायची.

आपल्याकडचा एक खास प्रकार म्हणजे कन्नडमधून आलेला कागद. बाजारात आपण कन्नड फाडफाड बोलतो, पण वाचता कितीजणांना येतं? त्यामुळे पाकीट फोडायच्या आधीच आतला मजकूर मनात छापून तयार असतो: दंड, नोटीस, नाहीतर कनेक्शन तोडणार. आमच्या गल्लीतल्या एका बाईंनी घरपट्टीचा असाच एक कागद फ्रीजवर ठेवला आणि रात्री जागून काढल्या. शेवटी समोरच्या कन्नड अक्कांनी वाचून दाखवला. वेळेत भरलंत तर सूट मिळेल, एवढंच त्यात होतं. कागद आला त्या दिवशीच वाचून घ्या. शेजारी विचारा, नाहीतर मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर बघा. न वाचलेल्या कागदाची भीती वाचलेल्यापेक्षा नेहमी मोठी असते, आणि खरोखर दंड असेल तर निदान आकडा तरी कळतो की.

आता ‘असं झालं तर’वाले विचार. यांना घरचे लोक एकच औषध देतात: ‘नको गे एवढा विचार करू.’ त्याने होतं उलटंच. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये प्रयोगातल्या लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं होतं. अस्वल काही डोक्यातून जाईना. त्यापेक्षा थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तपासलेला उपाय मला पटतो. काळजीला रोजचा अर्धा तास नेमून द्यायचा. ठरलेली वेळ, ठरलेली जागा. दिवसभरात काळजी आली की मागच्या पानावर दोन शब्द लिहायचे, ‘संध्याकाळी बघते तुला’ म्हणायचं आणि हातातलं काम पुढे चालू. अंथरुणावर ही बैठक भरवायची नाही, नाहीतर अंथरूण दिसलं की तेच सुरू होतं. मी चहानंतर, दुकानातला दिवा लावायच्या आधी बसते. निम्म्या गोष्टी तोवर आपोआप शिळ्या झालेल्या असतात.

त्या अर्ध्या तासात काय करायचं? प्रत्येक काळजीपुढे तिघांपैकी एक लिहायचं: मी काय करणार, किंवा कुठल्या तारखेपर्यंत थांबणार, किंवा माझ्या हातात नाही. तिसरं लिहायला सगळ्यात जड जातं. उदाहरण घ्यायचं तर आमच्या दुकानात सीमाप्रश्नावरून वाद ठरलेला. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याबद्दल मत असावं, मलाही आहे. मोर्चाला जावंसं वाटलं तर जावं. पण रात्री अकराला ‘आपल्या पोरांचं पुढं काय’ म्हणत कूस बदलत राहिल्याने कोर्टातली तारीख हलत नाही. त्याच प्रश्नातला हाताला येणारा तुकडा वेगळा काढता येतो: पोराला कन्नड लिहा-वाचायची शिकवणी लावायची की नाही, हे या महिन्यात घरात बसून ठरवायचं. काही लोकांना हे बोलणं आवडत नाही. नसू दे.

वेळेच्या अंदाजाचा घोटाळा तर माझ्या धंद्यातच आहे. ‘परवा देते’ हे शिंप्यांचं ब्रीदवाक्य. काहनेमन आणि ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये वेळ कमी धरायच्या या सवयीवर लिहिलं. नंतर १९९४ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध सरासरी ३४ दिवसांत संपेल असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात ५५ च्या वर लागले. आपण अंदाज करताना सगळं सुरळीत चाललेलं चित्र बघतो. लाइट जाणार, हुक लावणारी बाई माहेरी जाणार, टिळकवाडीचं रेल्वे गेट नेमकं पडणार, हे त्या चित्रात नसतं. उपाय एवढाच, की हे काम किती वेळात व्हायला हवं असं विचारायचं नाही. मागच्या वेळी किती लागला ते वहीत बघायचं आणि तोच आकडा गिऱ्हाइकाला सांगायचा.

‘लोक काय म्हणतील’बद्दल थोडक्यात. कॉर्नेल विद्यापीठात एका विद्यार्थ्याला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवायचे आणि किती जणांचं लक्ष गेलं असेल असं विचारायचे. त्याला वाटे निम्म्यांचं. खरं जात होतं चौथ्या हिश्श्याचं. बाहीत अर्ध्या इंचाचा फरक पडला म्हणून अख्खं लग्न नासलं म्हणणाऱ्या नवरीला मी हे सांगते. ती ऐकत नाही, तो भाग निराळा.

निवडीत अडकणाऱ्यांना मात्र मी सरळ अट घालते. गळ्याची तीनच डिझाइन्स दाखवायची, मोबाइल पर्समध्ये. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की माणूस सर्वोत्तम शोधत बसत नाही, पुरेसं चांगलं मिळालं की थांबतो. ते ‘पुरेसं’ आधी ठरवा: पाठ किती खोल, खर्च किती, कधी हवाय. या तिन्हींत बसलेलं पहिलं डिझाइन घ्यायचं.

हे सगळं सवयींपुरतं आहे. दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, असं असेल तर वही पुरणार नाही. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडे कशाला, त्याच क्षणी माणूस गाठायचा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास फुकट आहे. समोर बसून बोलायचं असेल तर धारवाडला डिमहान्स हे मानसिक आरोग्याचं सरकारी रुग्णालय आहे. बेळगावातून सकाळच्या बसने निघालं की संध्याकाळी घरी परत येता येतं.