दोन संगणक, एकच वायफाय, तरी फोल्डर उघडत नाही: दोष शोधायचा कसा

घरात दोन संगणक आहेत. एकावर फोटो, आयकराची कागदपत्रं, मुलांचे प्रकल्प आहेत आणि ते दुसऱ्यावरून उघडायचे आहेत. फोल्डर शेअर केला, पण पलीकडून तो दिसतच नाही, किंवा दिसतो आणि आत सोडत नाही. अशा वेळी बहुतेक जण हाताला लागेल ती सेटिंग बदलत सुटतात: फायरवॉल (नेटवर्कवरून येणाऱ्यांना अडवणारी यंत्रणा) बंद, पासवर्ड बंद, ‘एव्हरीवन’ला पूर्ण परवानगी. कधीकधी फोल्डर उघडतोही. पण बिघडलं काय होतं ते कळत नाही आणि घरातल्या फाइली वायफायवर येईल त्याला मोकळ्या होतात. म्हणून आधी अडतंय कुठे ते ठरवा, मग तेवढंच दुरुस्त करा. फायरवॉल आणि पासवर्ड चालू ठेवून हे काम नीट होतं.

पुढचं सगळं विंडोज १० आणि ११साठी आहे. ज्यावर फाइली आहेत त्या संगणकाला ‘देणारा’ म्हणू, जिथून उघडायच्या आहेत त्याला ‘घेणारा’.

१. दोघं खरंच एका नेटवर्कवर आहेत का?

दोन्ही संगणकांवर स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ शोधून काळी खिडकी उघडा, ‘आयपीकॉन्फिग’ टाइप करा (अर्थात इंग्रजी अक्षरांत: ipconfig) आणि ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ची ओळ बघा. घरगुती राउटरवर पत्त्यातले पहिले तीन आकडे सहसा दोन्हीकडे सारखे असतात. १९२.१६८.१.५ आणि १९२.१६८.१.८ ही जोडी ठीक आहे. पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर त्या संगणकाला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. केबल किंवा वायफाय काढून पुन्हा जोडा, राउटर बंद-चालू करा.

एकीकडे १९२.१६८.१ आणि दुसरीकडे १९२.१६८.० असं दिसलं, तर घरात बहुधा दोन राउटर आहेत. फ्लॅटमध्ये हे सर्रास दिसतं: इंटरनेट कंपनीची पेटी दाराजवळ आणि आतल्या खोलीत रेंज मिळावी म्हणून घेतलेला दुसरा राउटर. या दुसऱ्या राउटरने आपलं वेगळं नेटवर्क थाटलेलं असतं. त्याची खूण म्हणजे आतल्या राउटरवरचा संगणक बाहेरच्याला गाठू शकतो, पण बाहेरचा आतल्याला गाठू शकत नाही. यावर उपाय म्हणजे दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तो ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाकणं. मग पत्ते एकच राउटर वाटतो.

आणखी दोन गोष्टी तपासा. एक संगणक ‘गेस्ट’ वायफायवर असेल, किंवा राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ चालू असेल, तर इंटरनेट दोघांनाही मिळतं, पण एकमेकांशी बोलता येत नाही. आणि ऑफिसच्या कामासाठी व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारं सॉफ्टवेअर) लावलं असेल तर ते तात्पुरतं बंद करून बघा.

२. देणाऱ्याचं दार उघडं आहे का?

विंडोज ११ नव्या वायफायला ‘पब्लिक’ समजतं आणि बाहेरून येणाऱ्यांना अडवतं. स्टेशनवर किंवा कॅफेत हे योग्यच आहे, घरात मात्र ते आडवं येतं. देणाऱ्या संगणकावर सेटिंग्ज, मग ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, तिथे आपल्या वायफायच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘प्रायव्हेट नेटवर्क’ निवडा. मग ‘ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’मधल्या ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’मध्ये, प्रायव्हेट नेटवर्कखाली, ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू करा. विंडोज १०मध्ये हेच पर्याय कंट्रोल पॅनेलच्या ‘नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर’मध्ये आहेत. घेणाऱ्यावरही नेटवर्क प्रायव्हेटच ठेवा.

आता चाचणी. बरेच जण ‘पिंग’ (पलीकडचा संगणक उत्तर देतो का ते बघणारी आज्ञा) करून बघतात, पण फायरवॉल पिंगला वेगळं अडवू शकते, त्यामुळे त्याच्या उत्तरावर विसंबू नका. विंडोजचं फाइल शेअरिंग एसएमबी नावाच्या पद्धतीने, ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून (संगणकाच्या क्रमांक दिलेल्या दारातून) चालतं. तोच पोर्ट तपासा. घेणाऱ्या संगणकावर स्टार्टमध्ये शोधून पॉवरशेल (आज्ञा टाइप करायची आणखी एक खिडकी) उघडा. ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ (Test-NetConnection), एक जागा, देणाऱ्याचा पत्ता, एक जागा, ‘-पोर्ट’ (-Port), पुन्हा एक जागा आणि ४४५ असं टाइप करून एंटर दाबा. शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आलं तर रस्ता मोकळा आहे आणि दोष पुढच्या पायऱ्यांत आहे. ‘फॉल्स’ आलं तर नाव, पासवर्ड, परवानग्या यांच्या मागे लागू नका. अडथळा इथेच आहे. प्रायव्हेट-पब्लिक पुन्हा बघा. देणाऱ्यावर वेगळा अँटिव्हायरस असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असू शकते. तिच्यात घरचं नेटवर्क विश्वासाचं म्हणून नोंदवा. पूर्ण अँटिव्हायरस काढून टाकायची गरज नाही.

३. नावाने नाही, पत्त्याने उघडा

एक्स्प्लोररच्या ‘नेटवर्क’ यादीत संगणक दिसत नाही म्हणजे तो पोहोचण्याजोगा नाही, असं नसतं. ती यादी दाखवणारी यंत्रणा वेगळी आणि फाइल उघडणारी वेगळी. घेणाऱ्यावर विंडोजची कळ आणि ‘आर’ एकत्र दाबा, आलेल्या चौकटीत \\१९२.१६८.१.५ असा देणाऱ्याचा पत्ता (इंग्रजी आकड्यांत) टाका. असा उघडला आणि नावाने टाकल्यावर ‘०एक्स८००७००३५’ ही त्रुटी आली, तर फक्त नाव सापडत नाहीये.

यादीत नाव हवंच असेल तर देणाऱ्यावर ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा शोधून ‘ऑटोमॅटिक’ करा आणि सुरू करा. पण राउटरमध्ये देणाऱ्यासाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवणं मला अधिक भरवशाचं वाटतं. मग नावाची भानगडच राहत नाही.

४. पासवर्ड: सगळ्यात जास्त वेळ इथे जातो

घेणाऱ्यावर नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट येते आणि माणूस रोजचा पिन टाकतो. पिन त्या एकाच यंत्रापुरता असतो, नेटवर्कवरून तो कधीच चालत नाही. इथे देणाऱ्या संगणकावरच्या खात्याचं नाव आणि त्या खात्याचा खरा पासवर्ड लागतो. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर नावाच्या जागी पूर्ण ईमेल पत्ता. पासवर्डच नसलेलं खातं असेल तरी अडतं, कारण रिकाम्या पासवर्डाने नेटवर्कवरून आत यायला विंडोज मुळात परवानगी देत नाही.

या सगळ्यावर माझा ठाम सल्ला: देणाऱ्या संगणकावर फक्त शेअरिंगसाठी एक साधं स्थानिक खातं काढा. सेटिंग्ज, ‘अकाउंट्स’, ‘अदर युजर्स’, ‘ॲड अकाउंट’. तिथे या व्यक्तीची साइन-इन माहिती आपल्याकडे नाही असं सांगा आणि मग मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय वापरकर्ता जोडण्याचा पर्याय घ्या. त्याला चांगला लांब पासवर्ड द्या. घेणाऱ्यावर चौकट आली की देणाऱ्या संगणकाचं नाव, एक उलटी तिरकी रेघ आणि खात्याचं नाव असं टाका. तुमच्या ईमेलचा पासवर्ड घरातल्या प्रत्येक लॅपटॉपवर साठवण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे, आणि पुढे तो पासवर्ड बदलायचा झाला तरी दुसरं काही बिघडत नाही.

बरोबर पासवर्ड देऊनही नाकारत असेल, तर घेणाऱ्यावर बहुधा जुना साठवलेला असतो. कंट्रोल पॅनेलमधल्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये, ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’खाली देणाऱ्याच्या नावाची किंवा पत्त्याची नोंद काढून टाका आणि संगणक रीस्टार्ट करा. रीस्टार्ट टाळू नका. एकाच संगणकाशी एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी जोडायला विंडोज नकार देतं, आणि जुनी जोडणी तशीच उघडी राहिलेली असते.

५. फोल्डरच्या परवानग्या

संगणक उघडला, फोल्डरचं नाव दिसलं, पण ‘परवानगी नाही’ असं आलं, तर कुलूप फोल्डरला आहे. इथे दोन याद्या असतात: एक शेअरिंगची, दुसरी ‘सिक्युरिटी’ टॅबमधली. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींपैकी जी कडक तीच लागू होते. म्हणून ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’मधून ‘फुल कंट्रोल’ दिलं तरी फोल्डर बंदच राहू शकतो. फोल्डरवर उजवी क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘शेअरिंग’ टॅब आणि तिथलं साधं ‘शेअर’ बटण वापरा. ते दोन्ही याद्या एकदम जुळवतं. नवं खातं निवडा, नुसतं बघायचं असेल तर ‘रीड’, बदलायचंही असेल तर ‘रीड/राइट’.

बाकी सगळं उघडतं आणि एखादीच फाइल अडते, असंही होतं. ती त्याच ड्राइव्हवरच्या दुसऱ्या फोल्डरमधून कट-पेस्ट करून आणलेली असेल तर जुन्या परवानग्या सोबत घेऊन येऊ शकते. कॉपी करून पुन्हा ठेवली की ती नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते.

एक सल्ला मात्र ऐकू नका

‘एसएमबी १ चालू करा’ असं कुणीतरी सांगेलच. एसएमबी १ म्हणजे त्याच फाइल शेअरिंग पद्धतीची सगळ्यात जुनी आवृत्ती. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हे खंडणीखोर व्हायरस जगभर पसरलं, ते याच जुन्या पद्धतीतल्या त्रुटीतून. मायक्रोसॉफ्टने त्याची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, पण असंख्य संगणकांवर ती बसवलेली नव्हती. त्याच वर्षाच्या उत्तरार्धातल्या विंडोज १०च्या अपडेटपासून नव्या संगणकांवर एसएमबी १ आपोआप बसत नाही. विंडोज ७लाही ते लागत नाही. लागतं ते एक्सपीला आणि काही जुन्या नेटवर्क ड्राइव्हना (थेट राउटरला जोडलेल्या, फाइली साठवणाऱ्या पेट्यांना). त्या ड्राइव्हचं अपडेट मिळतं का बघा, नाहीतर त्यातल्या फाइली दुसरीकडे हलवा.

विंडोज ११ प्रोवर २४एच२ अपडेटनंतर जुना, पासवर्डशिवाय उघडणारा नेटवर्क ड्राइव्ह अचानक बंद पडला असेल, तर कारण वेगळं आहे. पासवर्डशिवायचा प्रवेश आता तिथे मुळातच नाकारला जातो. ड्राइव्हवर खातं आणि पासवर्ड तयार करा.

सगळं जुळलं की फोल्डरवर उजवी क्लिक करून ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ निवडा आणि ‘रीकनेक्ट ॲट साइन-इन’वर खूण करा. काही वेळाने फोल्डर पुन्हा गायब होत असेल, तर देणारा संगणक झोपी जातोय. त्याच्या ‘पॉवर’ सेटिंगमध्ये, चार्जरला किंवा विजेला जोडलेला असताना ‘स्लीप’ची वेळ ‘नेव्हर’ करा; स्क्रीन बंद होऊ दिली तरी चालते.