वीज कंपनी विकत घेतल्यावर किंमत कुठे कशी मांडायची: रत्नागिरीच्या सड्यावरच्या सौर प्रकल्पाचा पूर्ण हिशेब

वीजनिर्मिती कंपनीचे शेअर विकत घेतले की एकत्रित ताळेबंदात, म्हणजे खरेदीदाराच्या आणि तिच्या मिळून मांडलेल्या ताळेबंदात, तिची मालमत्ता जुन्या पुस्तकी आकड्यांनी येत नाही. ताबा मिळाला त्या दिवशीच्या रास्त मूल्याने, म्हणजे फेअर व्हॅल्यूने, ती येते. दिलेली किंमत आणि निव्वळ मालमत्तेचं रास्त मूल्य यांतला फरक गुडविल. नियम भारतीय लेखा मानकाचा, म्हणजे इंड एएस 103 चा, मोजमाप इंड एएस 113 चं. वाचायला हे सरळ आहे. गोंधळ होतो तो क्रमात: बरेच जण आधी गुडविल काढतात आणि मग बाकीचे आकडे त्याला जुळवतात. ऊर्जा प्रकल्पात हे हमखास उघडं पडतं, कारण प्रकल्पाचं आयुष्य ठरलेलं, विजेचा दर ठरलेला आणि गिऱ्हाईकही ठरलेलं असतं. तिथे मोठं गुडविल दिसलं, तर बहुतेक वेळा काहीतरी ओळखायचं राहून गेलेलं असतं.

खालचं उदाहरण कल्पित आहे, आकडे कोटी रुपयांत. रत्नागिरी तालुक्यात कातळसड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, 90 एकर स्वतःच्या जागेत 20 मेगावॅटचा सौर प्रकल्प. सुरू होऊन 5 वर्षं झाली. वितरण कंपनीशी 25 वर्षांचा वीजखरेदी करार, त्यातली 20 वर्षं शिल्लक. पुस्तकी निव्वळ मालमत्ता 33.4. सगळे, म्हणजे 100 टक्के शेअर डिसेंबरमध्ये घेतले.

आधी तारीख आणि धंद्याची कसोटी

संपादनाची, म्हणजे कंपनी घेतल्याची, तारीख म्हणजे नियंत्रण हातात आल्याची तारीख. करारावर सही झाली तो दिवस नव्हे, आणि किंमत ज्या ताळेबंदावरून ठरली तोही नव्हे. कर्ज देणाऱ्या बँकेची ना हरकत आणि वितरण कंपनीची संमती येईपर्यंत संचालक मंडळ विक्रेत्याचंच असेल, तर नियंत्रण त्याच्याकडेच राहतं. एनसीएलटीच्या (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या) योजनेतून विलीनीकरण होत असेल, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या 21 ऑगस्ट 2019 च्या परिपत्रकानुसार योजनेतली नियुक्त तारीख धरतात. खरेदीदार आणि विक्रेता एकाच समूहातले असतील तर हा लेख लागू नाही. तिथे इंड एएस 103 च्या परिशिष्ट सी मधली पूलिंग पद्धत चालते आणि पुस्तकी आकडेच पुढे येतात.

मग प्रश्न असा, की घेतला तो धंदा की नुसती मालमत्ता? ऐच्छिक केंद्रीकरण चाचणी करून पाहा: जवळजवळ सगळं मूल्य एकाच मालमत्तेत असेल तर ती नुसती मालमत्ता ठरते. रोकड आणि डिफर्ड टॅक्समुळे (पुढे भरायचा, पण आज दायित्व म्हणून मांडायचा कर) तयार झालेलं गुडविल वगळून एकूण मालमत्ता येते 100.6 (हे आकडे कसे आले ते पुढे येतं). यंत्रसामग्री आणि तिच्याखालची जमीन एकत्र धरली तरी 82, म्हणजे सुमारे 81.5 टक्के. ‘जवळजवळ सगळं मूल्य एकाच मालमत्तेत’ असं म्हणायला हे पुरत नाही. टक्क्यांची रेषा मानकात नाही, पण व्यवहारात 90 च्या आसपासचा आकडा पाहतात. वीजखरेदी करार अमूर्त आहे, म्हणून तो यंत्रसामग्रीत मिसळून चाचणी पास करता येत नाही. प्रकल्प चालू आहे, देखभालीची व्यवस्था आणि उत्पन्न दोन्ही आहेत, तेव्हा हा धंदाच.

याउलट नुसती जमीन, ग्रीडजोडणीची परवानगी आणि कागदावरचा आराखडा एवढंच असलेली कंपनी घेतली, तर ती मालमत्ता खरेदी ठरते. मग गुडविल नाही, सुरुवातीचा डिफर्ड टॅक्स नाही आणि वकिलाची फी मालमत्तेच्या किमतीत जाते. फरक एवढा मोठा आहे की ही पायरी लेखी नोंदवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दिलेली किंमत

रोख 48. एका वर्षाने द्यायचे 5.5, 10 टक्क्यांनी वर्तमान मूल्य 5. शिवाय पुढच्या तीन वर्षांत उत्पादन ठरावीक युनिटांच्या वर गेलं तर विक्रेत्याला जादा रक्कम, तिचं संभाव्यतेनुसार रास्त मूल्य 3. एकूण 56.

कंपनीवरचं 40 कोटींचं कर्ज यात मिळवू नका. वाटाघाटीत सगळे 94 कोटींची भाषा बोलतात (56 अधिक 40 वजा रोकड 2), पण हिशेबात कर्ज दायित्वांच्या बाजूला येतं. इथे मिळवलं तर ते दोनदा मोजलं जातं. मूल्यांकनकार, वकील, ड्यू डिलिजन्स (खरेदीपूर्व तपासणी) आणि शेअर हस्तांतरणाचं मुद्रांक मिळून 1.2 कोटी एकत्रित नफा-तोट्यात खर्च पडतात. खरेदीदाराच्या स्वतंत्र ताळेबंदात मात्र गुंतवणूक 57.2 ने दिसेल, कारण तिथे किमतीत व्यवहारखर्च धरतात. हा फरक एकत्रीकरणात काढून टाकायला विसरलं की गुडविल बरोबर 1.2 ने फुगतं.

जादा रकमेचं दायित्व रोखीत द्यायचं असेल, तर दर ताळेबंदाला ते पुन्हा मोजा. बदल नफा-तोट्यात जातो, गुडविलला हात लावायचा नाही.

यंत्रसामग्री: खारं वारं हिशेबात धरा

आज तसाच प्रकल्प उभारायला मेगावॅटमागे 5 कोटी धरले तर 100. पंचवीसपैकी पाच वर्षं वापरली, म्हणून 80. इथे बरेच जण थांबतात. घाटावरच्या प्रकल्पाला ते एक वेळ चालेल, किनाऱ्यावर नाही. समुद्राकडच्या रांगांत सांगाड्याचं झिंक आधी जातं, मग बोल्ट जाम होतात. अर्थिंगच्या पट्ट्या जोडापाशी गंजतात, पॅनेलच्या तारा जोडणाऱ्या एमसी-4 कनेक्टरमध्ये ओल शिरून जोड तापतो. पाहणीला जाताना कोटिंगची जाडी मोजणारं गेज न्या आणि समुद्राकडच्या रांगांचे आकडे आतल्या रांगांशी ताडून पाहा. पॅनेलला आयईसी 61701 ची क्षारधुक्याची चाचणी होती का, ते खरेदीच्या कागदांत शोधा. जून 2020 चं निसर्ग आणि मे 2021 चं तौक्ते ही चक्रीवादळं झेललेला प्रकल्प असेल, तर विम्याचे दावे आणि बदललेल्या पॅनेलची यादी मागा. काचेवर न दिसणारे सूक्ष्म तडे पॅनेलमधून वीज सोडून काढलेल्या इलेक्ट्रोल्युमिनेसन्स चित्रांतच सापडतात. या सगळ्यापोटी आणि जुन्या इन्व्हर्टरच्या कमी कार्यक्षमतेपोटी उदाहरणात 4 कोटी वजा केले. रास्त मूल्य 76, पुस्तकी 68.

जमीन 3 वरून 6. रेडी रेकनरचा दर म्हणजे रास्त मूल्य नव्हे, तो मुद्रांक शुल्कासाठी असतो. सातबाऱ्यावर सामाईक नावं किती, इतर हक्कात कूळ आहे का, बिनशेती झाली का आणि सागरी नियमन क्षेत्राची रेषा कुठून जाते, हे पाहून मगच तुलनेचे व्यवहार निवडा. इंड एएस 113 सर्वोत्तम वापर विचारतं, पण तो वापर कायद्याने शक्य असावा लागतो. सड्यावर कातळशिल्पं असतील तर तेवढ्या भागाला प्रकल्पाच्या जागेचा दर लावू नका. कोकणातली कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. शिल्पं जपायला हवीत हे तर आहेच, पण त्या जागेवर पॅनेल येणार नाहीत हे मूल्यांकनातही दिसलं पाहिजे.

वीजखरेदी करार

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. करार विक्रेत्याच्या पुस्तकात शून्याने असतो, पण कराराचा हक्क असल्यामुळे तो वेगळा ओळखावाच लागतो.

करारातला दर युनिटला 4.56 रुपये. त्या दिवशी तशाच प्रकल्पाला उरलेल्या मुदतीसाठी मिळाला असता तो दर 4.00 धरला. फरक 56 पैसे. क्षमता वापर 19 टक्के घेतला तर वर्षाला 3.33 कोटी युनिट. हा 19 टक्केही प्रत्यक्ष मीटरच्या नोंदींवरून घ्या. राजस्थानच्या प्रकल्पाचा आकडा इथे चालत नाही, जून ते सप्टेंबर आकाश भरलेलं असतं. जादा उत्पन्न वर्षाला 1.86, 25.168 टक्के कर वजा जाता सुमारे 1.4. उत्पादन वर्षाला अर्धा टक्का घटेल, सूट दर (पुढचे पैसे आजच्या मूल्यात आणायचा दर) 10 टक्के, मुदत 20 वर्षं: वर्तमान मूल्य 11.5. त्यात अमूर्त मालमत्तेवरच्या 25 टक्के करघसाऱ्याचा लाभ मिळवला की 14. प्रत्यक्षात शेअर खरेदीत हा घसारा मिळत नसला तरी मूल्यांकनात तो धरतात, कारण रास्त मूल्य ही मालमत्ता सुटी घेणाऱ्या बाजारातल्या माणसाची किंमत असते.

यंत्रसामग्री जर 4.56 च्या दराने येणाऱ्या रोकडप्रवाहावर मोजली आणि शिवाय करार वेगळा मोजला, तर तेच 56 पैसे दोन ठिकाणी बसतात. म्हणून 76 हा आकडा 4.00 च्या दरावर तपासून घ्या. तिथे तो टिकत नसेल तर आर्थिक अप्रचलनापोटी (बाहेरच्या कारणांनी घटलेल्या मूल्यापोटी) आणखी कपात करावी लागेल. करारातला दर बाजारापेक्षा कमी असेल तर उलटं होतं, आणि प्रतिकूल कराराचं दायित्व उभं राहतं.

कराराचं मूल्य शेवटी पैसे देणाऱ्यावर टेकलेलं असतं. गुहागरजवळ अंजनवेलचा दाभोळ प्रकल्प 2001 मध्ये वीज मंडळाशी दर आणि थकबाकीवरून वाद होऊन बंद पडला आणि 2005 मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी स्थापून त्याचं पुनरुज्जीवन करावं लागलं. करार कागदावर होता. तेव्हा वितरण कंपनीच्या मागच्या तीन वर्षांच्या बिलांची वसुली महिन्यागणिक तपासा आणि उशीर दिसत असेल तर तो सूट दरात धरा. येणी 5 वरून 4.6 झाली ती त्याच तपासणीमुळे.

लोटे परशुराम, महाडसारख्या एमआयडीसीतल्या कारखान्यांना समूह कॅप्टिव्ह पद्धतीने (वीज वापरणारेच मिळून कंपनीचे भागधारक असतात ती पद्धत) वीज देणारी कंपनी असेल, तर 100 टक्के शेअर घेऊच नका. वीज नियम 2005 प्रमाणे वापरकर्त्यांकडे किमान 26 टक्के मालकी आणि वर्षाच्या उत्पादनापैकी किमान 51 टक्के वापर असावा लागतो. तो दर्जा गेला की क्रॉस सबसिडी अधिभार (सवलतीच्या ग्राहकांचा भार भरून काढायला लावलेला आकार) लागतो आणि कराराचं मूल्यच कोसळतं. उरलेल्या 26 टक्क्यांचं रास्त मूल्य तुमच्या भावाच्या प्रमाणात काढू नका. त्या शेअरची परतीची किंमत भागधारक करारात बहुधा दर्शनी मूल्याला बांधलेली असते.

दायित्वं

कर्जाचा दर बदलता आणि मुदतपूर्व फेड विनादंड असल्याने 40 तसेच राहिले. स्थिर दर असता तर आजच्या दराने पुन्हा मोजावं लागलं असतं. देणी 1.6. मुदत संपल्यावर सांगाडे काढून सडा मोकळा करण्याचं बंधन पुस्तकात नव्हतं, त्याचे 1. एका ठेकेदाराचा दावा टिपांमध्ये ‘संभाव्य’ म्हणून होता. सद्य बंधन आहे आणि मोजता येतं, तेव्हा पैसे जाण्याची शक्यता कमी असली तरी तो 0.8 ने येतो. विक्रेत्याने त्याची हमी घेतली असेल तर हमीची मालमत्ता त्याच मापाने समोर उभी करा. जुन्या अनुदानापोटीचं स्थगित उत्पन्न असेल आणि पुढे काही करण्याचं बंधन नसेल, तर ते शून्य होतं. विक्रेत्या कंपनीच्या पुस्तकातलं जुनं गुडविलही पुसून टाका.

डिफर्ड टॅक्स, आणि मग गुडविल

शेअर खरेदीत करासाठीचे आकडे बदलत नाहीत, म्हणून प्रत्येक वाढीव मूल्यावर कर उभा राहतो. यंत्रसामग्री 8 आणि करार 14, वजा येणी 0.4, सडा मोकळा करणं 1 आणि दावा 0.8: निव्वळ 19.8, 25.168 टक्क्यांनी 4.98. जमिनीवर घसारा नाही, तिचं मूल्य विक्रीतून वसूल होणार, म्हणून 3 वर भांडवली नफ्याचा 14.3 टक्के दर: 0.43. एकूण 5.41, पुस्तकातले जुने 3 धरून 8.41. खुद्द गुडविलवर डिफर्ड टॅक्स काढायचा नाही.

मालमत्ता: 76 + 6 + 14 + 4.6 + रोकड 2 = 102.6
दायित्वं: 40 + 1.6 + 1 + 0.8 + 8.41 = 51.81
निव्वळ: 50.79
गुडविल: 56 − 50.79 = 5.21

गुडविल 5.21 आणि नव्याने उभा राहिलेला डिफर्ड टॅक्स 5.41, दोन्ही जवळजवळ सारखे. म्हणजे खरेदीदाराने प्रकल्पाच्या ओळखता येणाऱ्या मूल्यापलीकडे काही मोजलेलं नाही, आणि एका ठिकाणच्या, मुदतबंद प्रकल्पाला हेच शोभतं. गुडविल 18 आलं असतं तर लेखापरीक्षकाने विचारण्याआधी स्वतःच विचारायचं: विस्ताराचा हक्क राहिला का, ग्रीडजोडणी राहिली का, की किंमतच जास्त दिली? आणखी एक ताळा घ्या. व्यवहाराचा अंतर्गत परतावा, भांडवलाचा सरासरी खर्च आणि प्रत्येक मालमत्तेवरच्या अपेक्षित परताव्याची भारित सरासरी, हे तिन्ही जवळ यायला हवेत. गुडविल ऋण आलं तर सगळं पुन्हा तपासा. तरीही ऋणच राहिलं आणि कारण स्पष्ट असलं, तर भारतात तो नफा इतर सर्वसमावेशक उत्पन्नातून (नफा-तोट्याबाहेर दाखवायच्या उत्पन्नातून) भांडवली राखीव निधीत जातो, आयएफआरएसप्रमाणे (आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे) नफा-तोट्यात नाही.

नंतरचं काम

करार 20 वर्षांत संपवा, वर्षाला 0.70. गुडविलची दरवर्षी इम्पेअरमेंट चाचणी, म्हणजे मांडलेलं मूल्य वसूल होईल का याची तपासणी. डिफर्ड टॅक्सचं दायित्व जसं उतरत जाईल तशी चाचणीतली मोकळीक कमी होत जाते, तेव्हा आयुष्य संपण्याआधी हे गुडविल बुडीत धरावं लागणारच. ते अंदाजपत्रकात आधीच दाखवा.

31 मार्चच्या ताळेबंदात आकडे तात्पुरते म्हणून दिले तरी चालतात. संपादनापासून जास्तीत जास्त एक वर्ष दुरुस्ती करता येते, पण ती ताबा मिळाला त्या दिवशी असलेल्या परिस्थितीचीच. समजा ऑगस्टमध्ये, भर पावसात, समुद्राकडच्या रांगांचे पाये आतून गंजलेले सापडले. गंज डिसेंबरच्या आधीचा असल्याचं अभियंत्याच्या अहवालातून दिसतंय, आणि नुकसान 2 कोटींचं. मग यंत्रसामग्री 74, डिफर्ड टॅक्स 0.50 ने कमी, गुडविल 6.71, आणि मार्चचे तुलनात्मक आकडे व घसाराही बदलतात. त्याच पावसात वादळाने उडालेली पॅनेलं मात्र चालू वर्षाच्या नफा-तोट्यात जातात, विमा मिळो वा न मिळो. दोन्ही नुकसानं एकाच पाहणीत दिसत असल्याने अभियंत्याकडून अहवाल दोन भागांत मागा, प्रत्येक रांगेचे फोटो आणि कोटिंगच्या जाडीचे आकडे तारखेसह.