गुटी बांधताय? साल काढताना या चुका टाळा

गुटी म्हणजे झाडावरच्याच फांदीची कड्यासारखी गोल साल काढायची, तिथे ओलं मॉस (शेवाळ) गुंडाळायचं आणि मुळं फुटली की ती फांदी कापून लावायची. पावसाळ्यात कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, अगं दोन महिने झाले पेरूला गुटी बांधून, पानं मस्त हिरवीगार आहेत पण मुळाचा पत्ता नाही. मी पहिलं हेच विचारते की साल काढल्यावर आतलं बुळबुळीत खरवडून काढलंस का? तिकडून "कसलं बुळबुळीत?" असं आलं की समजायचं.

सालीच्या आत आणि लाकडाच्या बाहेर एक पातळसा थर असतो, कॅम्बियम. झाड जाड होतं ते याच्यामुळे, तो आतल्या बाजूला लाकूड म्हणजे जलवाहिन्या बनवतो आणि बाहेरच्या बाजूला रसवाहिन्या. आपण साल सोलतो तेव्हा रसवाहिन्या निघून जातात पण हा चिकट थर लाकडावर थोडा जरी राहिला ना, तर तो परत साल तयार करून पूल बांधतो आणि मग फांदीला मुळं फोडायची गरजच राहत नाही. म्हणून सुरीच्या पाठीने नीट खरवडा, फडक्याने पुसा. सोललेल्या सालीचं कडं पण अगदी नखाएवढं नको, इंचभर तरी पाहिजे.

आता पानं हिरवी का राहतात? कारण पाणी लाकडातून वर चढतं, त्याला आपण हातच लावलेला नाही. पानात तयार झालेली साखर मात्र सालीतून खाली उतरते, ती कड्याच्या वर येऊन अडकते. सतराव्या शतकात इटलीत माल्पिगी नावाच्या शास्त्रज्ञाने असंच कडं काढून बघितलं होतं, तर वरची बाजू फुगली. तीच फुगी आपल्याला हवी असते, मुळं तिथूनच निघतात. त्यामुळे रूटिंग पावडर (मुळं फुटायला लावतात ती) वरच्या कडेला लावा, खालच्या कडेला लावून फुकट घालवणारे बरेच बघितलेत मी. आणि जोर लावून लाकडात खोल कापलंत तर पाणीच तुटेल, आठवड्यात फांदी माना टाकते. मॉस भिजवून घट्ट पिळून घ्या, पाणी गळत असेल तर आत कुजतं सगळं.

आंब्याच्या कलमात गणित उलटं, तिथे कॅम्बियम काढायचा नसतो, जुळवायचा असतो. खुंट (खालचं मुळांचं रोप) जाड आणि काडी (त्यावर जोडायची फांदी) बारीक असली की लोक काडी बरोबर मधोमध बसवतात, दिसायला छान पण दोन्हीकडचे थर एकमेकांना भेटतच नाहीत. एका बाजूला सरकवा, निदान एक कड तरी जुळू दे. आणि जोडाच्या खालून, म्हणजे खुंटाला, फूट आली तर लगेच खुडा. मी एकदा ती कौतुकाने वाढवली, हापूसची काडी वाळून गेली आणि पुढे रायवळ आंबे खाल्ले. चूक नर्सरीवाल्याची नव्हती, माझीच होती.

नारळ, सुपारी, केळी यांच्या नादी लागू नका, त्यांच्यात असा कॅम्बियम नसतोच, वाहिन्या खोडभर विखुरलेल्या, कलम करणार कशाचं? म्हणूनच चढायला नारळाला पाडलेल्या खाचा कधीच भरून येत नाहीत, जन्मभर तशाच. त्याचा वाढणारा कोंब पण एकच, शेंड्याला, तो मेला की झाड गेलं.

आणि झाडाला तार बांधणं बंद करा प्लीज. आमच्या चिकूला कपडे वाळत घालायची तार होती, काही वर्षांत ती सालीत रुतली आणि वरच्या बाजूला ही जाड गाठ! म्हणजे नकळत आम्ही साखरेची वाटच आवळत होतो. तुमच्याकडे तार आधीच रुतली असेल तर ओढून काढू नका, साल फाटते. जिथे जिथे दिसतेय तिथे पकडीने तोडून टाका, आत राहिलेले तुकडे झाड हळूहळू पोटात घेतं.